एमआयडीसीतले जुने ब्राउझर काढताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत ज्या फौंड्रीत मी कामाला आहे तिथं माझं खरं काम पर्चेसचं. पण कम्प्युटरमधलं थोडंफार कळतं असा एकदा बोभाटा झाला की तो काय पुसता येत नाही, त्यामुळं प्रिंटर अडकला, नेट गेलं, टॅली उघडंना झालं की हाक आपल्यालाच. गेल्या दिवाळीच्या तोंडावर एका मोठ्या कस्टमरकडून, आम्ही त्यांना कास्टिंग देतो, एक लांबलचक एक्सेल शीट आली. सप्लायर लोकांची सायबर सिक्युरिटी तपासणी म्हणे. निम्मे प्रश्न तर आमच्यासारख्या पन्नास-साठ माणसांच्या कारखान्याला लागूच होत नव्हते, पण एक होता तो सरळ होता, प्रत्येक मशीनवरचं विंडोज कुठलं, ब्राउझर कुठला, त्याचं व्हर्जन काय आणि सपोर्ट संपलेलं, म्हणजे कंपनीनं ज्याला दुरुस्त्या द्यायचं बंद केलंय असं, काही असेल तर ते वेगळं दाखवा.

साहेब म्हणाले, "लिही की सगळं अपडेट हाय म्हणून, कोण बघाय येतंय?"

म्हटलं साहेब, खाली लिहिलंय, स्क्रीनशॉट जोडा. मग जरा गप्प झाले आणि म्हणाले बघ बाबा काय ते, पण काम थांबता कामा नये.

तर हे काम असं माझ्या गळ्यात पडलं. आता हे लिहितोय कारण उद्यमनगर, गोकुळ शिरगाव, कागल, कुठंही जा, प्रत्येक कारखान्यात असली दोनतीन मशीन कोपऱ्यात पडलेली असणारच आणि त्यांच्याकडं पण आज ना उद्या ही शीट येणार आहे.

पहिलं काम म्हणजे नुसतं फिरून बघणं. क्रोम असेल तर वर उजवीकडचे तीन ठिपके, हेल्प, अबाऊट, तिथं व्हर्जन दिसतं. वाटलं होतं अर्ध्या तासात होईल. पण प्रत्येक टेबलाला कोण ना कोण काम करत बसलेलं, "दोन मिनिटं थांबा, एवढं ई-वे बिल काढू दे" असं करत करत जेवायची सुट्टी झाली. अकाऊंट्सची मशीन बरी निघाली, विंडोज १० आणि क्रोम ताजं. डिस्पॅचला विंडोज ७ आणि क्रोम १०९, वरती पिवळी पट्टी कायम, पुढचे अपडेट पाहिजे असतील तर विंडोज १० किंवा त्याच्या पुढचं लागेल म्हणून. डिस्पॅचचे मामा म्हणाले ती पट्टी रोज येते, मी रोज बंद करतो. टेंडर भरायच्या मशीनवर, ते पण विंडोज ७च, फायरफॉक्स ५२. साहेबांच्या केबिनमधल्या मशीनवर कॅमेरे बघायला इंटरनेट एक्सप्लोरर, म्हणजे आयई. आणि लॅबमध्ये धातू तपासायच्या स्पेक्ट्रोच्या मशीनवर विंडोज एक्सपी, आयई ८, जोडीला क्रोम ४९.

हे आकडे बघून ज्याला माहिती आहे त्याच्या पोटात गोळा येईल, पण ऑफिसात कुणाला काही वाटलं नाही कारण सगळं चालत होतं. जुन्या ब्राउझरचा सगळा घोळ इथंच आहे, त्याच्या सुरक्षेला भोकं पडलेली असली तरी तो तसाच उघडतो, तशीच पानं दाखवतो, आवाज करत नाही, तापत नाही. बेअरिंग गेलं की लगेच कळतं, हे कळतच नाही.

कुठल्या व्हर्जनला कुठपर्यंत आयुष्य होतं ते मी रात्री घरी बसून काढलं. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, आयईचं शेवटचं व्हर्जन जे एक्सपीवर चालतं ते ८ नंबरचं. क्रोम एक्सपीवर ४९ लाच थांबलं, २०१६ मध्ये. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला गेला, पण क्रोम तिथं पुढची तीन वर्षं मिळत राहिलं आणि १०९ वर थांबलं, २०२३ च्या फेब्रुवारीत ११० आलं ते विंडोज १० पासून पुढंच. फायरफॉक्स ५२ हे मार्च २०१७ चं. म्हणजे आमच्या टेंडरच्या मशीनवर जो ब्राउझर होता तो जीएसटी लागू व्हायच्या आधीचा, आणि त्यावरून आम्ही लाखांची टेंडरं भरत होतो.

आता मला स्वतःला एक शंका होती की ही भोकं म्हणजे नेमकं काय असतं. मास्तर लोक समजावतात तसं नुसतं "धोका आहे" म्हणून समजत नाही. वाचल्यावर कळलं की ब्राउझरमधली बरीचशी मोठी भोकं मेमरीची असतात. क्रोमच्याच टीमनं २०२० ला सांगितलंय की त्यांच्या गंभीर बगांपैकी, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकांपैकी, साधारण ७० टक्के मेमरीच्या भानगडीतले आणि त्यातले निम्मे 'यूज आफ्टर फ्री' या एकाच जातीचे. ते असं की समजा अंबाबाईच्या देवळाजवळच्या एका लॉजवर १२ नंबरच्या खोलीतलं गिऱ्हाईक गेलं, खोली रिकामी झाली, पण काउंटरच्या वहीत जुनंच नाव राहिलं. मधल्या वेळात दुसराच कोणतरी त्या खोलीत घुसून बसला. आता काउंटरवाला वही बघून पोराला सांगतो, १२ नंबरच्या साहेबांना त्यांची लॉकरमधली पिशवी देऊन ये. पोरगा जातो आणि देऊन येतो. ब्राउझरमध्ये तसंच होतं, पानावरची एखादी वस्तू पुसली जाते, मेमरीतली जागा मोकळी होते, पण प्रोग्रॅमकडं त्या जागेचा पत्ता तसाच शिल्लक असतो, आणि हल्ला करणारा पान असं लिहितो की बरोब्बर त्या जागेत त्याचा माल येऊन बसतो. मग ब्राउझर विश्वासानं त्याचीच आज्ञा पाळतो. तुम्ही काहीही डाऊनलोड केलेलं नसतं, कुठं ओके दाबलेलं नसतं, नुसतं पान उघडलेलं असतं.

जानेवारी २०१० मध्ये गूगलनं जाहीर केलं होतं की त्यांच्यात घुसखोरी झाली आणि आणखी किमान वीस मोठ्या कंपन्यांना पण लक्ष्य केलं होतं, त्यात आयईमधलं याच जातीचं भोक वापरलं होतं. जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी यंत्रणांनी तर लोकांना सरळ सांगितलं की दुरुस्ती येईपर्यंत दुसरा ब्राउझर वापरा. मायक्रोसॉफ्टला नेहमीचं वेळापत्रक सोडून २१ जानेवारीला पॅच, म्हणजे भोक बुजवणारी दुरुस्ती, काढावा लागला. तिथं गूगलवाले बसलेत आणि इथं आमच्या लॅबमध्ये त्याच घराण्यातला आयई, ज्याला २०१४ नंतर कुणी हात लावलेला नाही.

ऑफिसात हे सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "अँटिव्हायरस हाय की आपल्याकडं, दरवर्षी पैसे भरतोय." अँटिव्हायरस फाईल ओळखतो, आणि आता ब्राउझरवर पण थोडं लक्ष ठेवतो, पण ज्याच्या पायाखालची फरशीच निखळलीय त्याला दाराला कुलूप असून काय उपयोग. शिवाय एक्सपीवरच्या अँटिव्हायरसचं स्वतःचंच अपडेट कधीच बंद पडलेलं, निळा आयकॉन तेवढा शोभेला होता.

दुसरा प्रश्न अकाऊंटच्या मॅडमचा, "आम्ही कुठं भलत्यासलत्या साईटवर जातोय?" हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि यानंच बहुतेक लोक फसतात. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसी असल्या साईटवर दिसणाऱ्या जाहिरातींतून अँगलर नावाचं एक्स्प्लॉइट किट लोकांपर्यंत पोचवलं गेलं. साईटवाल्यांनी काही केलं नव्हतं, जाहिराती तिसरीकडूनच येतात ना. ते किट काय करायचं, आलेल्या माणसाचा ब्राउझर कुठला, प्लगइन (ब्राउझरला जोडलेला जादा प्रोग्रॅम) कुठलं जुनं आहे ते बघायचं आणि त्याला जे भोक लागू पडेल ते वापरायचं. ताज्या ब्राउझरवाल्याला सोडून द्यायचं. मॅडमना म्हटलं, तुम्ही सकाळी चहा घेताना पेपर वाचता की नाही कम्प्युटरवर, तिथं बाजूला जाहिराती असतात की. त्यावर म्हणाल्या, म्हणजे आता पेपर पण वाचायचा नाही का. वाचा हो, पण अपडेट करून वाचा!

तिसरा मुद्दा साहेबांचा आणि तो खरं तर चांगला होता. त्यांना कुठून तरी आठवत होतं की एक्सपी बंद झाल्यावर पण मायक्रोसॉफ्टनं पॅच दिला होता. बरोबर आहे. एप्रिल २०१४ च्या शेवटी आयई ६ पासून ११ पर्यंत सगळ्यांत असलेलं एक भोक उघड झालं, एक्सपी बंद होऊन तीन आठवडे पण झाले नव्हते, आणि १ मे ला पॅच आला तो एक्सपीला पण दिला. "बघ, देत्यात की." पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयबीएमच्या संशोधकांनी शोधलेल्या एका बगाची दुरुस्ती आली, तो बग विंडोज ९५ च्या काळातल्या कोडमधला, अठरा-एकोणीस वर्षं कुणाच्या लक्षात आला नव्हता, आयई ३ पासून पुढं वापरता येत होता. त्या वेळी एक्सपीला नेहमीच्या अपडेटमधून काही मिळालं नाही. साहेबांना एवढंच म्हटलं की पहिल्यांदा पाहुणचार होता, प्रत्येक वेळी नसतो.

आणि एक गोष्ट जी मला स्वतःला नवीन होती. नव्या ब्राउझरचा पॅच आला की जुन्याचा धोका वाढतो. कारण पॅचमध्ये काय बदललं ते बघून भोक कुठं होतं ते उलटं शोधता येतं, आणि ज्यानं अपडेट केलं नाही त्याच्यावर ते वापरता येतं. याच कारणानं गूगलनं ऑगस्ट २०२३ पासून क्रोमला दर आठवड्याला सिक्युरिटी अपडेट द्यायला सुरुवात केली, मधला वेळ कमी व्हावा म्हणून. म्हणजे जे व्हर्जन कायमचं थांबलंय, त्याच्यासाठी हा मधला वेळ कधी संपतच नाही. (आपल्याकडं सर्ट-इन, म्हणजे केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची यंत्रणा, अधूनमधून इशारा काढतं, मग बातमी येते "क्रोम वापरताय? सावधान!" आणि ती व्हॉट्सॲपवर फिरते, पण त्या बातमीत कुठल्या व्हर्जनच्या आधीचं धोक्यात आहे हे कामाचं वाक्य शेवटच्या ओळीत किंवा नसतंच.)

बरं, पटवणं वेगळं आणि काढणं वेगळं. प्रत्येक जुना ब्राउझर कशाला तरी बांधलेला होता. तो कशाला बांधलाय ते सापडल्याशिवाय नुसता अनइन्स्टॉल केला तर दुसऱ्या दिवशी कोणतरी पेनड्राईव्हवरून परत टाकणार, हे मी बाकीच्या कारखान्यांत बघितलंय.

डिस्पॅचचं सोपं निघालं. तिथं ई-वे बिल, मेल आणि लेबलचा प्रिंटर एवढंच. मशीन इतकं जुनं की विंडोज ११ घेतच नाही, त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेल असेल तर आठव्या जनरेशनचा किंवा त्याच्या पुढचा प्रोसेसर. विंडोज १० टाकावं तर त्याचाही सपोर्ट तेव्हा नुकताच, १४ ऑक्टोबर २०२५ ला, संपलेला. राजारामपुरीतून एक रिफर्बिश्ड मशीन आणलं, लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर शोधण्यात अख्खी दुपार गेली, बाकी काही नाही. अकाऊंट्सची विंडोज १० ची मशीन एक वर्षाच्या वाढीव सिक्युरिटी अपडेटवर ठेवली, शीटमध्ये तसं लिहिलं. तिथं एक बरं आहे की एज ब्राउझरला विंडोज १० वर निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट देणार असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलंय.

टेंडरच्या मशीनची गंमत आहे. त्याच्या शेजारी भिंतीला एक कागद चिकटवलेला, पिवळा पडलेला, चारी कोपऱ्यांना सेलोटेप आणि वर कुणाच्या तरी चहाचा गोल डाग. त्यावर पेनानं लिहिलेलं, फायरफॉक्स अपडेट करू नये, खाली दोनदा रेघ. मग कंट्रोल पॅनेल, जावा, सिक्युरिटी, तिथं पट्टी 'मीडियम'वर आणा. वॉर्निंग आली तर 'रन' दाबा, परत आली तर परत दाबा. एकेकाळी हे खरंच लागायचं. डिजिटल सही करायला पोर्टलवर जावाचं ॲपलेट, म्हणजे पानाच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, चालायचं, आणि क्रोमनं सप्टेंबर २०१५ ला तसली प्लगइन पूर्ण बंद केली, फायरफॉक्सनं मार्च २०१७ ला फ्लॅश सोडून बाकीची बंद केली, फक्त ५२ च्या ईएसआर, म्हणजे जास्त काळ सांभाळल्या जाणाऱ्या, आवृत्तीत ती चालू राहिली. म्हणून कुणीतरी तीच आवृत्ती टाकून अपडेट बंद करून ठेवलं. ज्यानं कागद लिहिला तो माणूस नोकरी सोडून इचलकरंजीला गेला त्यालाही जमाना झाला.

मी त्याला फोन लावला. म्हणाला, "अरे दादा, ते अजून तसंच हाय व्हय? पोर्टलवाल्यांनी ते जावा कवाच काढलंय की!"

आणि खरंच. पोर्टलच्या मदतीच्या पानावर जाऊन बघितलं तर आता एक छोटा सही करायचा प्रोग्रॅम मशीनवर टाकायचा, यूएसबी टोकनचा ड्रायव्हर टाकायचा आणि कुठल्याही नव्या ब्राउझरमधून सही होते. फायरफॉक्स ५२ ज्या दाव्याला बांधलं होतं ते दावंच तिथं नव्हतं, आणि इतकी वर्षं कुणी उघडून बघितलं नव्हतं. मशीनवर नवीन विंडोज टाकून घेतलं, हे जरा बऱ्यापैकी होतं म्हणून ११ बसलं. पहिलं टेंडर नव्या ब्राउझरवरून भरताना मॅडमनी हात जोडले होते देवाला, सही झाली, पावती आली. तो कागद मी काढायला गेलो तर टेपसकट भिंतीचा रंग निघाला.

कॅमेऱ्यांचं प्रकरण मात्र लई डोक्याला ताप. आमचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा, जुना, त्याचं पान ब्राउझरमध्ये उघडलं की ॲक्टिव्हएक्स कंट्रोल मागतं, आणि ॲक्टिव्हएक्स म्हणजे आयईच. बसवणाऱ्यानं काय करून ठेवलं होतं तर आयईच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये जेवढं म्हणून 'डिसेबल' होतं ते सगळं 'एनेबल', सही नसलेले ॲक्टिव्हएक्ससुद्धा न विचारता चालू द्या असं. हे फक्त कॅमेऱ्याच्या पानापुरतं नाही, इंटरनेट झोनलाच लावलेलं, म्हणजे साहेबांनी त्या आयईमध्ये जगातलं कुठलंही पान उघडलं तरी त्याला तीच मोकळीक. ॲक्टिव्हएक्स हे ब्राउझरच्या आतलं काय खेळणं नाही, तो मशीनवर चालणारा पूर्ण प्रोग्रॅम असतो, तुम्ही जे करू शकता ते सगळं तो करू शकतो.

त्यात भर म्हणजे राऊटरवर पोर्ट उघडा, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून थेट डीव्हीआरपर्यंत यायची वाट मोकळी. त्याचं कारण पण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, गावातून एमआयडीसीकडं जायचा रस्ताच बंद, वॉचमन तेवढा आत अडकलेला, तेव्हा साहेबांना घरात बसून कारखाना बघायचा होता. कुणीतरी फोनवरून सांगून राऊटरवर पोर्ट फॉरवर्ड करून दिला. पूर ओसरला, २०२१ ला परत आला, परत ओसरला, पोर्ट मात्र उघडाच. डीव्हीआरचा पासवर्ड काय होता ते इथं लिहीत नाही, तुम्ही पहिल्या झटक्यात ओळखाल.

पोर्ट आधी बंद केला. मग मला वाटलं एजमधला आयई मोड वापरू. आयई ११ स्वतः विंडोज १० वर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण असल्या जुन्या पानांसाठी एजच्या आत आयईचं इंजिन ठेवलंय, मायक्रोसॉफ्ट ते निदान २०२९ पर्यंत सांभाळणार, त्याला विंडोजच्या अपडेटमधून पॅच मिळतात आणि ॲक्टिव्हएक्स पण चालतं. एजच्या सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्यायची, ते एक पान यादीत टाकायचं, ३० दिवसांनी ती नोंद संपते मग परत टाकायची. चाललं. पण दोन गोष्टी वाचनात आल्या आणि माझं मन उडालं. एक, जुलै २०२४ ला दुरुस्त झालेला प्रकार, चेक पॉइंट या सिक्युरिटी कंपनीवाल्यांनी शोधलेला. शॉर्टकटची एक खास फाईल उघडली की विंडोज १०-११ वर सुद्धा, आयई निवृत्त असतानासुद्धा, पान आयईमध्ये उघडायचं. दोन, ऑगस्ट २०२५ मध्ये एजच्या टीमला कळलं की हल्लेखोर लोकांना गोड बोलून पान आयई मोडमध्ये उघडायला लावतायत आणि मग आयईच्या जुन्या जावास्क्रिप्ट इंजिनमधलं भोक वापरतायत. त्यानंतर त्यांनी टूलबारवरचं आणि मेनूतलं सोपं बटणच काढून टाकलं. मी जे बटण जुन्या व्हिडिओत बघून शोधत बसलो होतो ते सापडत का नव्हतं त्याचा उलगडा तेव्हा झाला.

याच घरातली आणखी एक भानगड म्हणजे आयई न उघडताही आयई वापरलं जातं. सप्टेंबर २०२१ मधला एमएसएचटीएमएलचा, म्हणजे आयईच्या इंजिनचा, बग, वर्डची फाईल उघडली की आतून आयईचं तेच इंजिन कामाला लागायचं. म्हणजे "आम्ही आयई वापरतच नाही" म्हणणारा पण त्यात होता, विंडोजचा पॅच टाकणं हाच त्याला उपाय.

शेवटी कॅमेऱ्यांसाठी मी ब्राउझरचा नादच सोडला. डीव्हीआरला मागं एचडीएमआयचं तोंड होतंच, केबिनमध्ये एक जुना टीव्ही लावून सरळ वायर जोडली. साहेबांना माऊस न धरता सगळे कॅमेरे एकदम दिसायला लागले, म्हणाले हे आधी का केलं नाहीस. घरून बघायचा प्रश्न नवीन डीव्हीआर घेऊ तेव्हा सोडवायचा असं ठरलंय, ब्राउझरमध्ये साधं चालणारा घ्यायचा आणि पोर्ट उघडायचा नाही.

राहिला स्पेक्ट्रो. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, फर्नेसमधून लॅडलनं थोडा रस घेऊन साच्यात ओतायचा, रुपयासारखं सॅम्पल तयार होतं, ते घासून मशीनवर ठेवून स्पार्क मारायचा, मग स्क्रीनवर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज सगळं टक्क्यांत येतं. त्याशिवाय हीट, म्हणजे फर्नेसमधला एका खेपेचा रस, ओतता येत नाही. ते सॉफ्टवेअर एक्सपीशिवाय चालत नाही, आतल्या कार्डाला नव्या विंडोजचा ड्रायव्हर नाही, आणि अपग्रेडचा आकडा ऐकून साहेबांनी पाणी मागवलं. म्हणजे एक्सपी राहणार. प्रश्न हा की ब्राउझर कशाला पाहिजे तिथं?

लॅबमधल्या पोराजवळ शिफ्टभर बसलो तेव्हा कळलं. रोज सकाळी मशीन चालू केलं की तारीख १ जानेवारी २००२. आतला बटण सेल संपलेला. पोरगं आधी तारीख नीट करतं, मग क्रोम ४९ उघडून कंपनीचा वेबमेल उघडतं, कारण हीटचा रिपोर्ट क्वालिटीला मेल करायचा असतो. तारीख नीट केली तरी लाल पान येतंच, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून, कारण साईट खरी आहे का ते ज्यावरून तपासतात ती नवी रूट सर्टिफिकेटं एक्सपीकडं नाहीत. लेट्स एन्क्रिप्ट, ही साईटींना फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था, ज्या जुन्या रूटवर चालायची ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, तेव्हापासून अशा मशीनवर अर्ध्या साईटी लाल दिसतात. पोरगं न बघता 'ॲडव्हान्स्ड' दाबतं आणि खाली 'पुढे जा' दाबतं. म्हटलं हे काय असतं माहिती हाय का? म्हणालं, "दादा, ते दाबल्याशिवाय मेल उघडत न्हाई."

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त धास्ती कशाची वाटली असेल तर त्या बोटाची. भोकं बुजवता येतात, मशीन बदलता येतं, पण ज्या पोराला चार वर्षं रोज सकाळी लाल पानावर 'पुढे जा' दाबायची सवय लागलीय, तो उद्या घरी मोबाईलवर बँकेचं खोटं पान आलं तरी तेच दाबणार. त्याचा काही दोष नाही, आम्हीच शिकवलं.

इथं उपाय सरळ केला. नेटवर्कची वायर काढली, नुसती काढली नाही तर मशीनवरच्या वायरच्या सॉकेटवर एम-सीलचा गोळा बसवला, कारण वायर काढली तर कोणतरी लावतं. क्रोम ४९ काढलं. आयई एक्सपीतून काढता येत नाही, पण वायर नाही तर जाणार कुठं. सेल बदलला, त्याला फार पैसे लागत नाहीत आणि इतकी वर्षं कुणी बदलला नव्हता. रिपोर्टसाठी शेजारी एक साधा प्रिंटर ठेवला, कागद क्वालिटीच्या ट्रेमध्ये जातो, आणि पाहिजे तेव्हा फक्त त्याच मशीनसाठी ठेवलेला पेनड्राईव्ह, लाल दोरा बांधलेला, तो आधी अकाऊंट्सच्या मशीनवर स्कॅन करून मगच. पेनड्राईव्ह पण काय धुतल्या तांदळाचा नसतो हे माहिती आहे, त्यामुळं प्रिंटवरच भर. पहिले काही दिवस पोरगं कुरकुरलं की मेल बरा होता. आता त्याला मेलसाठी ऑफिसचं मशीन दिलंय, तिथं लाल पान आलं तर हात वर करून मला हाक मारायची असं सांगितलंय. एकदा मारली पण, खरंच एका सप्लायरच्या साईटचं सर्टिफिकेट संपलं होतं.

मशीन बदलण्याआधी जुन्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढून घेऊन सगळे बदलले, बँकेचे, जीएसटीचे, मेलचे. हे कंटाळवाणं काम आहे, मॅडम दिवसभर माझ्यावर चिडून होत्या, पण जे पासवर्ड आयईच्या पोटात इतकी वर्षं होते ते कुणी वाचले नसतील याची खात्री कोण देणार.

आता रोजचं राहिलंय ते क्रोम बंद-चालू करायचं. अपडेट आपोआप उतरतं, पण ब्राउझर बंद करून उघडल्याशिवाय लागू होत नाही, आणि आमच्या मॅडम टॅब बंद करत नाहीत, चाळीस टॅब उघडे, बंद केले तर हरवतील म्हणून. वर कोपऱ्यात खूण येते, दोन दिवसांच्या आत हिरवी, चार दिवसांनी केशरी, आठवडा झाला की लाल. मी चहाच्या वेळेला ऑफिसातून चक्कर मारतो, लाल दिसली की तिथंच उभा राहतो. टॅब परत उघडतात हे दाखवल्यावर मॅडमचा विरोध जरा मावळलाय.

शीट भरून पाठवली. स्पेक्ट्रोपुढं लिहिलं, सपोर्ट संपलेलं, नेटवर्कला जोडलेलं नाही. त्यांच्याकडून उलट मेल आला, पुरावा द्या. एम-सीलच्या गोळ्याचा फोटो काढून पाठवला, त्यावर काही उत्तर आलं नाही, म्हणजे पास झालो असं साहेब धरून चालतात. हजेरीच्या बोटाच्या मशीनचं वेब पान अजून बाकी आहे, ते पण आयईच मागतं, त्याची एएमसी रिन्यू करायला माणूस येईल तेव्हा त्याला पहिला प्रश्न हाच विचारणार आहे की नव्या ब्राउझरमध्ये चालणारं फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर, देणार का, नसेल देणार तर सही नाही.